निंगव्वाचा नारळ शिखरी जातो

कीर्तनात बुवा एखादा शब्द उचलतात. त्याचा एक अर्थ सांगतात, मग दुसरा सांगतात, आणि श्रोत्यांच्या माना डोलायला लागतात. पण तेच दोन अर्थ एका गरीब माणसाच्या वाट्याला एकाच शनिवारी आले तर मान डोलत नाही, अवघडते. रामहरी वांगीकराची अवघडली. ती त्याच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, पुढे कितीतरी दिवस विटेने शेकली.

शब्द साधा होता. शिखर.

सोलापूर जिल्ह्यात कुणालाही विचारा, शिखर म्हणजे शिखर शिंगणापूर, डोंगरावरचा शंभू महादेव. दुसरं शिखर इथल्या माणसाला ठाऊक असायचं कारण नाही, कारण सोलापूरला डोंगर नाहीत. गावात उंच म्हणावं असं गिरणीचं धुराडं, आणि त्यावर कुणी हौसेने चढत नाही. त्यामुळे वीज कचेरीत दुपारचे डबे उघडले असताना जी. बी. हलकुडेने "वांगीकर, पुढच्या शनिवार-रविवारी शिखर करायचं का?" असं विचारलं, तेव्हा रामहरीने हातातला घास खाली ठेवून आधी कपाळाला हात लावला आणि मग होकार दिला. 'करायचं' हे क्रियापद त्याला जरासं खटकलं होतं. पण जी. बी. पुण्याला शिकलेला. पुण्याला शिकलेली माणसं काहीही करतात, असं मनाशी म्हणून त्याने घास उचलला.

या जी. बी.चं पूर्ण नाव गुरुबसप्पा. त्यात गुरूही आला आणि बसवण्णाही आला, म्हणून देव न मानणाऱ्या या गृहस्थाने ते दोन इंग्रजी अक्षरांत बंद करून टाकलं होतं. कुणी गुरुबसप्पा म्हटलं तर तो वळून बघत नसे. त्याच्याकडे लष्करी बाजारातली पाठपिशवी होती, होकायंत्र होतं, आणि डोंगर चढल्याने मनुष्य निर्भय होतो असं एक मत होतं. तिसरा सोबती मौलाली शेख, त्याच कचेरीतला टंकलेखक. त्याच्या भावाचे अक्कलकोट रोडला माग होते, घर त्यांच्या शेजारीच, आणि जिथे धोटा खटखटत नाही अशा कुठल्याही ठिकाणी जायला तो तयार होता.

गैरसमज तिथेच फिटला असता. पण मधे रजेचा अर्ज आला. शनिवारी कचेरी चालू, आणि साहेब मोठे भाविक. 'गिर्यारोहण' असं लिहून मागे एकाने रजा मागितली होती तर साहेबांनी विचारलं होतं की हा कुठला आजार. म्हणून जी. बी.ने तिघांच्या अर्जांत कारण लिहिलं, 'शिखरास जाणेसाठी'. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली, आणि वर घरून एक नारळ पाठवला. माझ्याही नावाने वाढवा, आणि येताना तिथला अंगारा आणा, असा निरोप. जी. बी. त्या दिवशी स्वतःच्या हुशारीवर इतका खूश होता की त्याने चहा पाजला. रामहरीने अर्ज वाचला आणि त्याच्या मनात जी काय शंका होती ती कायमची मिटली.

साखर पेठेतल्या रामहरीच्या बोळात बातमी पसरायला वेळ लागला नाही. रामहरी हा बोळातला विश्वासाचा माणूस. गावात कुठेही कीर्तन असो, पहिल्या रांगेत त्याची घडी घातलेली चादर आधी जाऊन बसायची, मग तो. एखादा बुवा आख्यानात घसरला तर रामहरीचा चेहरा पडायचा, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून बुवा सावरायचे असं लोक सांगतात. असा माणूस शिखराला जाणार म्हटल्यावर सल्ले आले. सिद्रामप्पा किराणावाले म्हणाले, पायऱ्या अनवाणीच चढ. समोरचे आप्पा म्हणाले, चपला घाल, पण मनात घालू नकोस. हे म्हणजे नक्की काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सल्ल्यांच्या पाठोपाठ नारळ आले. बजाबाईंच्या जावयाची करमाळ्याला बदली झाली होती, ती रद्द व्हावी म्हणून एक. सिद्रामप्पांचा एक, तो कशासाठी ते त्यांनी गुप्त ठेवलं. आप्पांचा एक, सगळ्यांनी दिला म्हणून.

वच्छलाबाईंनी जुन्या सोलापुरी चादरीची पाठीवर घ्यायची पिशवी शिवली. शिवताना चादरीवरचे दोन मोर नेमके बाहेरच्या बाजूला आले. "मागून लोकांना बघायला काहीतरी बरं हवं," एवढंच त्या म्हणाल्या.

सगळ्यांत शेवटी निंगव्वा आली. शेजारच्या खोलीतली म्हातारी, गुडघ्यांनी खिळलेली. तिची नात मायाक्का. पाचवं लागलं तरी पोरगी बोलत नव्हती. हाक मारली की बघायची, हसायची, पण तोंडातून अक्षर नाही. आई रडायची, निंगव्वा रडत नसे. तिने शिखराच्या महादेवाला नारळ बोलला होता. आणि संक्रांतीला, तिळगूळ वाटत असताना, मायाक्काने स्वच्छ आवाजात "मला दोन" असं म्हटलं. त्यानंतर ती थांबली नाही. आता बोळाला दुपारची झोप मिळत नव्हती, पण त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

निंगव्वाने नारळ पदरातून काढून रामहरीच्या ओंजळीत ठेवला. "माज्या पायानं जायाचा नवस हाय. पाय न्हाईत, म्हणून तुझ्या पायानं. पण एक हाय बघ. शिखराच्या महादेवापुढं जाईस्तोवर ह्यो जमिनीला टेकवायचा न्हाय. कुटंच न्हाय."

"अव्वा," रामहरी म्हणाला, "प्राण गेला तरी टेकवणार नाही."

अशी वाक्यं आख्यानात फार शोभतात. तिथे ती बोलणाऱ्याला पुढच्या पदापर्यंतच निभवायची असतात.

वच्छलाबाईंनी सुचवलं होतं की तो नारळ वेगळ्या पिशवीत घ्या. रामहरी म्हणाला, सगळे एकाच देवाला जायचे, त्यांच्यात भेद कशाला. आणि त्याने तो सगळ्यांबरोबर मोरांच्या पिशवीत घातला. अशा रीतीने एका नारळाचं सोवळं अख्ख्या पिशवीला लागलं, आणि पिशवी एकदा पाठीवर चढली ती चढली.

शनिवारी सकाळी साताऱ्याच्या यष्टीत रामहरी पिशवी मांडीवर घेऊन बसला. वाटेत एका स्टँडावर त्याला नको तेव्हा नैसर्गिक काम निघालं. त्याने पिशवी जी. बी.पुढे धरली. जी. बी. म्हणाला, असल्या समजुतींना मी हात लावत नसतो, ठेवा खाली, काही होत नाही. रामहरी पाय आवळून तसाच बसला. तेव्हा मौलालीने मुकाट्याने पिशवी घेऊन खांद्याला लावली. "जाके आव. हमारे में दर्गे कू चद्दर ले जाते ना, वैसाच है ये."

आणि मग म्हसवडच्या पुढे कंडक्टरने शिंगणापूर फाट्याच्या नावाने हाळी दिली. रामहरी उठला, टोपी नीट केली, पिशवी पाठीला लावली आणि दाराकडे निघाला.

"कुठं चाललात?" जी. बी.ने विचारलं.

"शिखर आलं."

"कुठलं शिखर? आपल्याला सातारच्या पुढं जायचंय."

मग रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या यष्टीत शिखर या शब्दाचं निरूपण झालं. जी. बी.ने नकाशा उघडला. रामहरीने अर्जाची आठवण दिली. कंडक्टर म्हणाला, शिखर एकच हाय, ह्यो बघा फाटा. मागचा एक मिशाळ शेतकरी म्हणाला, नुसता डोंगर चढून जायचं आणि वर देव नाही, मग जायचं कशाला? हा प्रश्न जी. बी.ला कुणी इतक्या थेट विचारला नव्हता. तो चिडला, आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला की मी ओळखून होतो, वांगीकर अर्ध्या वाटेवर उतरणार. पुढच्या बाकावरची एक आजीबाई रामहरीला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "भ्यालं जनू."

उतरावं हे उघड होतं. देव इथे, फाटा इथे, नारळ पाठीवर. पण 'भ्यालं जनू' हे दोन शब्द अंगाला चिकटवून शिंगणापूरच्या पायऱ्या चढणं रामहरीला जमेना. त्याने विचार केला, उद्या परतीच्या वाटेवर हाच फाटा लागणार. महादेव एक दिवस थांबेल, त्याला सवय आहे. जी. बी.ने परत येताना इथे उतरायचं कबूल केलं, आणि रामहरी मान ताठ करून बसला. भक्ती आणि अब्रू यांच्यात अब्रू पहिल्यांदा जिंकली ती अशी. तिच्यासाठी पुढे काय मोजावं लागलं ते येतंच आहे.

त्या डोंगराचं जी. बी.च्या नकाशात एक भारदस्त नाव होतं. पायथ्याच्या वाडीत त्याला नाकाडा म्हणत. तिथे गोजरबाई म्हणून एक बाई चहाचं दुकान चालवत. सोलापूरहून तिघे मुद्दाम नाकाड्यावर चढायला आलेत हे ऐकून त्यांनी स्टोव्ह बारीक केला. "वर काय हाय? शेरडं बी जात न्हाईत वर. आन पानी घिऊन जावा, टाकं आटलंया." जी. बी.ने त्यांना नकाशातलं टाकं दाखवलं. त्यांनी नकाशाकडे आदराने पाहिलं आणि म्हणाल्या, त्यात आसंल.

मुक्काम शाळेच्या पडवीत. पिशवी टांगायला एकच जागा सापडली, शाळेचा तास वाजवायचा लोखंडी रूळ लटकत होता तो आकडा. पहाटे वारा सुटला, पिशवी रुळावर आपटू लागली, आणि रविवार असून वाडीतली पोरं दप्तरं घेऊन हजर झाली. त्यांच्या मागोमाग मास्तर आले, सदऱ्याची बटणं लावत. रामहरीने त्यांना सगळी हकिगत सांगितली. मास्तर भले गृहस्थ, त्यांनी नारळांना नमस्कार केला आणि पोरांना हाकललं.

मग चढण सुरू झाली. नाकाड्याला पायऱ्या नव्हत्या हे रामहरीने पहिल्याच वळणावर बोलून दाखवलं, आणि त्यानंतर बोलायला श्वास उरला नाही. जी. बी. आणि मौलाली दर टेकाडाला पिशव्या टाकून बसत. रामहरी बसूही शकत नव्हता, कारण बसलं की पिशवीचा तळ टेके. तो एखाद्या झाडाला छाती लावून उभ्याने विसावा घेई. झाडं संपल्यावर तेही संपलं. वर एका घसाऱ्यावर त्याचा पाय सुटला. माणूस पडताना पाठीवर पडतो किंवा कुशीवर. रामहरीने पडता पडता निर्णय घेतला आणि पालथा पडला. मोठ्या दगडाला अडकेपर्यंत तो पोटावर घसरत गेला, पण पाठीवरचे मोर आकाशाकडे तोंड करून सुखरूप होते. त्याने तोंडातली माती थुंकून पहिला प्रश्न विचारला तो पिशवीबद्दल. जी. बी. हसण्यासाठी तोंड उघडून होता. ते त्याने मिटलं.

मार्गात रामहरीचा फिरकीचा तांब्या मौलालीच्या हातून निसटला आणि ठणठणत दरीत गेला. जी. बी.च्या लष्करी बाटलीला लष्करानेच टाकून द्यावं असं एक भोक होतं. माथ्यावर पोचले तेव्हा ऊन शिमग्यानंतरचं, सावली नाही, आणि टाकं गोजरबाईंच्या टाक्यासारखं होतं, नकाशातल्यासारखं नव्हतं. तळाला भेगाळलेली माती आणि एक चप्पल.

माथा म्हणजे चार खडक आणि मधे सर्व्हेवाल्यांनी रोवलेला चुन्याचा दगड. बाकी सगळीकडे आकाश. जी. बी. त्या दगडाला हात लावून "शिखर" असं म्हणाला, आणि त्याचा घसा इतका सुकला होता की 'र' उमटलाच नाही.

मग तिघांची नजर हळूहळू एकाच ठिकाणी गेली. दोन मोरांवर.

"वांगीकर," जी. बी. म्हणाला, "नारळात पाणी असतं."

"असतं."

"मग?"

"देवाचं आहे."

जी. बी.ने शास्त्र सांगितलं. मौलालीने जीभ बाहेर काढून दाखवली. रामहरीलाही तहान कमी नव्हती, पण तो उभ्याने म्हणाला की हे नारळ महादेवापुढे वाढवायचे आहेत, इथे महादेव नाही, सर्व्हेचा दगड आहे. सरकारी दगडापुढे मी कुणाचा नवस फोडणार नाही. जी. बी. म्हणाला, बुवा सांगतात ना, देव सगळीकडे आहे? रामहरी म्हणाला, ते नुसतं वाक्य झालं, वाक्यावर कीर्तन उभं राहत नाही. दृष्टांत?

आता इथे नीट लक्ष द्यावं. ज्या माणसाने स्वतःच्या नावातले गुरू आणि बसवण्णा पुसले होते, तो त्या दगडाशेजारी उभा राहिला, रुमाल घामाने कपाळाला चिकटलेला, आणि सुकलेल्या घशाने निरूपण करू लागला. सुरुवात अडखळत झाली. मग त्याला कचेरी आठवली.

"वांगीकर, वीज कुठं असते? पॉवरहाउसात असते ना? मग ती तारेत असते की नाही? तुमच्या खोलीतल्या दिव्यात असते की नाही? पॉवरहाउसात जाऊन कुणी पुस्तक वाचतं का? बटण तुमच्या हाताशी आहे. दाबलं की तीच वीज. पेठेत दाबा, नाही तर ह्या दगडापाशी दाबा."

रामहरीने आयुष्यभर कीर्तनं ऐकली होती. समया, झांजा, बुक्का यांच्यात जो दृष्टांत त्याला कधी मिळाला नव्हता तो एका नास्तिकाच्या तोंडून, तहानेपोटी मिळाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगातलं शेवटचंच असावं. त्याने वाकून जी. बी.च्या पायांना हात लावला, पाठीवरच्या पिशवीसकट, आणि तो इतका वेळ वाकून राहिला की मौलालीला त्याला सरळ करावं लागलं.

मग घरून महादेवासाठी आणलेला बेल दगडाला वाहिला गेला. रामहरीच्या मते आरतीशिवाय नारळ वाढवणं योग्य नव्हतं. मौलाली डब्याच्या झाकणावर ठेका धरत म्हणाला, "लंबी नक्को करो वांगीकर, मौला कू सब समजता." रामहरीने तरी दोन आरत्या म्हटल्या. जी. बी.ने टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या आरतीला त्याचे ओठ हलत होते असं मौलाली आजही शपथेवर सांगतो. एकेक नारळ वाढला. बजाबाईंच्या जावयाची बदली, सिद्रामप्पांचं गुपित, आप्पांचं काहीच नाही, आणि साहेब. साहेबांच्या नारळाचं पाणी जी. बी.ने प्यायलं, आणि वरिष्ठांची एवढी कृपा त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती.

पिशवीत एक नारळ उरला. जी. बी.ने हात पुढे केला.

"हा नाही," रामहरी म्हणाला.

"का? वीज तीच की."

"वीज तीच. पण निंगव्वाने कनेक्शन शिंगणापूरचं मागितलंय. आपण कचेरीत मीटर बदलून देतो का?"

दृष्टांत जी. बी.चाच होता. त्याने हात मागे घेतला.

उतरायला उशीर झाला, उशीर झाला म्हणून यष्टी गेली. मिळालं काय, तर सांगोल्याला मेंढ्या घेऊन चाललेला एक ट्रक. तो शिंगणापूरच्या फाट्याने जात नाही हे रामहरीला कळलं तेव्हा फाटा कुठेतरी उत्तरेला राहिला होता. तो मेंढ्यांमध्ये नारळ डोक्यावर धरून उभा राहिला. खालच्या खाली मेंढ्यांनी एका मोराची शेपटी खाल्ली. सांगोल्याहून पहाटेची गाडी, आणि सोमवारी सकाळी तिघे साखर पेठेच्या बोळात शिरले. मौलाली कोपऱ्यावरून घरी गेला. जी. बी. मात्र थेट खोलीपर्यंत आला. का आला ते त्याने सांगितलं नाही.

बोळ वाटच बघत होता. बजाबाई पाटावर खोबऱ्यासाठी ताट घेऊन बसल्या होत्या. रामहरीने तोंड उघडायच्या आत मायाक्का धावत आली आणि पायाला बिलगली.

"काका, तू शिखरावर गेला? लई उंच हाय? महादेव काय म्हणला? माझा नारळ दिला? त्यानं खाल्ला? त्याला माझं नाव सांगितलं?"

एखाद्याने सांगितलं असतं, हो, शिखरावर नारळ वाढवला. अक्षराला धरून ते खोटंही नव्हतं. रामहरीने ती ओळ वाटेत मेंढ्यांत तयार करून ठेवली होती. पण त्या पोरीच्या तोंडाला शब्द आले होते ते महादेवाच्या नावाने, आणि तिच्यापुढे शब्दाचा असा खेळ करायला त्याची जीभ वळेना. त्याने सगळं सांगितलं. फाटा, भ्यालं जनू, नाकाडा, दगड, बाकीच्यांचे नारळ. बजाबाईंनी ताट पदराखाली घेतलं. मग त्याने पिशवीतून तो एक नारळ काढून निंगव्वापुढे धरला.

निंगव्वाने तो घेतला नाही. "टेकवलास?"

"नाही अव्वा."

"कुटंच न्हाय?"

"ह्यांनी टेकवला न्हाय," जी. बी. मधेच म्हणाला. "पडले तेव्हा पालथे पडले. मी बघितलंय."

म्हातारीने मान हलवली. "मग आता कशाला टेकवतोस? आज सोमवारच हाय. नवाची गाडी हाय की."

रामहरी उभ्याचा उभा राहिला. चढून उतरून त्याचे पाय त्याचे राहिले नव्हते, आणि रजा संपली होती. आतून वच्छलाबाईंचा आवाज आला की जाताच आहात तर आधी अंघोळ करा, मेंढ्यांचा वास येतोय, अशा अंगाने देवाकडे जाऊ नये. अंघोळ करायची म्हणजे पिशवी कुणाकडे तरी द्यायला हवी. मौलाली नव्हता. रामहरीने इकडे तिकडे पाहिलं.

जी. बी.ने पिशवी घेतली आणि पाठीवर चढवली. साहेबांना अंगारा द्यायचाय, अर्जात शिखर लिहून दिलंय, असं काहीतरी तो पुटपुटला. त्याचं कुणी ऐकलं नाही, कारण तोवर बोळात हालचाल सुरू झाली होती. रामहरी शिखराला, खऱ्या शिखराला, निघाला म्हटल्यावर बजाबाई नवा नारळ घेऊन आल्या. दगडापुढचा त्यांनी धरला नव्हता. सिद्रामप्पा दुकानातून एक घेऊन आले. आप्पा आले, सगळे आले म्हणून. प्रत्येकाने येऊन जी. बी.च्या पाठीवरच्या उरलेल्या दीड मोरांत आपला नारळ सोडला, आणि प्रत्येकागणिक तो थोडा थोडा वाकत गेला.

शेवटी निंगव्वा भिंत धरत त्याच्यापाशी आली, पिशवी चाचपून बघितली, दारातल्या वच्छलाबाईंना त्याचं पूर्ण नाव विचारलं, आणि म्हणाली, "टेकवू नको रं, गुरुबसप्पा."

जी. बी. वळला.

"न्हाय टेकवत, अव्वा."